मुलांच्या हाडांचं ऑपरेशन आणि घरी नेलेला पंप: हे सगळं आलं कुठून

पायाचं किंवा खांद्याचं ऑपरेशन झालं की काही ठिकाणी मुलाला एका बारीक नळीसकट घरी सोडतात. ती नळी मज्जातंतूपाशी बसवलेली असते आणि बाहेरच्या छोट्या पंपातून बधिर करणारं औषध दोन-तीन दिवस हळूहळू आत जात राहतं. पहिल्यांदा ऐकलं की आईबापांना धडकी भरते, आणि ते साहजिकच आहे. पण ही पद्धत इथवर यायला शंभराहून जास्त वर्षं लागलीत आणि त्यातला बराच वेळ औषध शोधण्यात गेला नाही, मुलांना दुखतं हे मान्य करण्यात गेला, म्हणून ही पार्श्वभूमी लिहावीशी वाटली.

औषधाची बाजू तशी जुनी. 1884 मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करता येतो हे दाखवलं, आणि थोड्याच काळात अमेरिकेत विल्यम हॅल्स्टेड तेच औषध मज्जातंतूपाशी टोचू लागले, म्हणजे आज ज्याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात ते. अडचण एकच, काही तासांत असर उतरायचा. 1946 मध्ये अँस्ब्रो नावाच्या डॉक्टरांनी सुई चक्क बुचात खोचून गळ्याच्या हाडाजवळ तशीच ठेवली, म्हणजे ऑपरेशन लांबलं तरी पुन्हा पुन्हा औषध देता येईल. आजच्या नळीची सुरुवात तिथली.

आता मुलांचं बघा. 1977 मध्ये जोआन एलंड या नर्सने सहकाऱ्यासोबत एक तुलना छापली, ऑपरेशन झालेली 25 मुलं आणि तसंच निदान असलेली 18 मोठी माणसं. मोठ्यांना मिळून दुखण्याच्या औषधाचे सहाशेच्या वर डोस मिळाले होते आणि सगळ्या मुलांना मिळून फक्त 24, त्यातल्या 13 मुलांना तर एकही नाही. मुलं लवकर विसरतात, त्यांच्या नसा अजून तयार व्हायच्यात, अफूच्या जातीच्या औषधाने श्वास मंदावेल, अशी कारणं दिली जायची, आणि शेवटची भीती खोटी नव्हती, पण तिच्यावरचा उपाय म्हणजे मुलाला तसंच ठेवणं हा कसा असेल? हे चित्र बदलायला लागलं 1987 च्या आसपास, जेव्हा कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे अफूच्या जातीचं दुखणं थांबवणारं औषध दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर ताण कमी पडतो आणि नंतरचा त्रासही कमी होतो. इतकं लहान बाळही दुखण्याला असा प्रतिसाद देतं म्हटल्यावर सात वर्षांच्या पोराला दुखत नसेल असं म्हणायला जागाच उरली नाही.

तोवर औषधंही सुधारत होती. बुपिवाकेन हे बधिर करणारं औषध चांगलं लांब टिकायचं, पण चुकून रक्तात जास्त गेलं तर हृदयावर घाला घालायचं आणि 1979 मध्ये त्यावर उघड इशारा दिला गेला. नव्वदच्या दशकात रोपिवाकेन आलं, ते हृदयाला त्यामानाने सौम्य, आणि त्याच दशकात व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघत बघत ब्लॉक द्यायला सुरुवात केली. मुलांसाठी हे फार मोलाचं ठरलं, कारण त्यांना आधी पूर्ण भूल देऊनच ब्लॉक देतात, सुई टोचताना झिणझिण्या आल्या का हे विचारायची सोयच नसते.

घरी पाठवायची कल्पना मात्र मोठ्यांपासून सुरू झाली. 1998 मध्ये स्वीडनमधले नरिंदर रावल यांनी फुग्यासारखा साधा पंप देऊन पेशंट घरी सोडल्याचं लिहिलं, 2002 मध्ये अमेरिकेत ब्रायन इल्फेल्ड यांच्या टीमने खरं औषध आणि नुसतं सलाईन अशी तुलना केली तर खरं औषध मिळालेल्यांना दुखणं कमी होतं, झोप चांगली लागली आणि गोळ्याही कमी लागल्या. 2003 मध्ये फ्रान्समध्ये माँपेलिएच्या दाद्यूर यांनी मुलांमध्ये असेच पंप वापरल्याचं छापलं, आणि 2007 मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाने नळी घेऊन घरी गेलेल्या मुलांचा अनुभव मांडला. पुढे अमेरिकेतल्या बालरुग्णालयांनी एकत्र नोंदी ठेवल्या, 2018 मध्ये एक लाखाहून जास्त ब्लॉकचा हिशोब आला आणि त्यात मज्जातंतूला कायमची इजा झालेलं एकही मूल नव्हतं.

याच काळात गोळ्यांवरचा भरवसा उडत होता हेही लक्षात घ्या. कोडीन हे दुखण्यावरचं औषध काही मुलांच्या शरीरात फार पटकन मॉर्फीनमध्ये बदलतं, त्यातून मृत्यू झाले, आणि 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 12 वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नये असं सांगितलं. नळीकडे ओढा वाढायचं हे एक मोठं कारण.

माझ्या मते यातला सगळ्यात मोठा बदल यंत्रात झालेला नाही, लक्ष ठेवणारा बदलला. आधी नर्स होती, आता रात्री दोन वाजता आईच जागी असते. म्हणून जिथे ही पद्धत नीट चालते तिथे लेखी सूचना, रोजचा फोन आणि कधीही उचलला जाणारा नंबर हे सगळं पंपासोबतच येतं, आणि ते नसेल तर डिस्चार्जआधी हक्काने मागावं. पट्टी ओली होणं, नळी सरकणं हे त्रास नेहमीचे. बधिर पायावर मुलाने एकट्याने उभं राहायचं नाही. तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, जिभेवर धातूसारखी चव, विचित्र गुंगी असं काही दिसलं तर पंपाची क्लिप बंद करून ताबडतोब फोन करायचा, आणि आकडी आली किंवा मूल जागं होत नसेल तर थेट इमर्जन्सी. पंप चालू असूनही दुखणं वाढतच चाललं, प्लास्टर आवळल्यासारखं वाटलं, बोटं फिकट किंवा गार पडली तर सकाळची वाट बघू नये, कारण आत सुजेचा दाब वाढत असू शकतो. आणि पंप संपला की काही तासांत दुखणं एकदम उसळतं, त्यामुळे पॅरासिटामॉलसारखं जे औषध डॉक्टरांनी लिहून दिलंय ते बधिरपणा उतरायच्या आधीच, ठरलेल्या वेळेला सुरू ठेवायचं.