रेडिओ-नियंत्रित विमान-प्रतिकृतीचे इंजिन : मापाची निवड (कोकण किनारा)

रेडिओ-नियंत्रित विमानाला किती मोठे इंजिन लावायचे, हे त्याचे तयार वजन, पंखांचे क्षेत्रफळ आणि ते जिथे उडवायचे तिथली हवा यांवरून ठरते. ग्लो इंजिनाचे (मेथॅनॉलवर चालणारे, तापलेल्या तारेच्या ‘ग्लो प्लग’ने पेट घेणारे छोटे इंजिन) माप घनइंचात सांगतात : ‘४०’ म्हणजे ०.४० घनइंच, सुमारे ६.५ सीसी, ‘४६’ म्हणजे ७.५ सीसी, ‘६१’ म्हणजे १० सीसी. हे आकडे टू-स्ट्रोकचे. फोर-स्ट्रोक घ्यायचे तर साधारण दीडपट माप लागते. ४६ च्या जागी ७० चालते.

१५५ सेंमी पंखविस्तार, ४५ चौरस डेसिमीटर क्षेत्रफळ आणि २.५ किलो वजन असलेले शिकाऊ विमान ४० वर उडते. कोकणात मात्र त्याला ४६ च द्यावे. समुद्रसपाटीला हवा दाट असते हे खरे, पण उष्मा आणि दमटपणा तो फायदा खाऊन टाकतात : रत्नागिरीतली ३२ अंशांची दमट दुपार आणि पुण्यातली १५ अंशांची हिवाळी सकाळ, दोन्हींकडे हवेची घनता जवळपास सारखीच भरते. शिवाय दुपारी खारे वारे सुटले की त्यांच्या तोंडावर विमान परत आणायला जोर शिलकीत हवा.

पण म्हणून थेट ६१ लावू नये. ते मफलरसह ४६ पेक्षा अंदाजे २०० ग्रॅम जड भरते. इंजिन गुरुत्वमध्यापासून २८ सेंमी पुढे आणि शेपूट ८० सेंमी मागे असेल, तर तोल साधायला शेपटीत ७० ग्रॅम शिसे घालावे लागते. मिळून २७० ग्रॅम. पंखावरचा भार दर चौरस डेसिमीटरला सुमारे ५६ वरून ६२ ग्रॅमवर जातो आणि उतरण्याचा वेग वाढतो. पूर्ण थ्रॉटलवर खाली सूर मारताना एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) फडफडून बिजागऱ्या निखळतात. इंजिन ज्या प्लायवुडच्या भिंतीवर बसते, तिचे सांधेही कंपनाने सुटतात. नवशिक्यांची विमाने कमी ताकदीपेक्षा अशा जास्तीच्या ताकदीने अधिक मोडतात.

मापाइतकेच महत्त्व प्रोपेलरला आहे. त्याच्या मापातला पहिला आकडा व्यास आणि दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो सिद्धांताने जितका पुढे सरकेल ते अंतर, दोन्ही इंचांत : ४० ला १०×६, ४६ ला ११×५ किंवा ११×६, ६१ ला १२×६. पिच इंचांत घेऊन मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे आणि ६५६ ने भागावे. ताशी किलोमीटरमध्ये सैद्धांतिक वेग मिळतो. ६ इंच पिच, ११,००० फेरे : सुमारे १०० किमी. शिकाऊ विमानाला एवढा भरपूर. ११×५ ला वेग थोडा कमी, पण चढण चांगली आणि उतरताना आयडलवरची (सर्वांत मंद फेऱ्यांवरची) ओढही कमी, म्हणून आखूड पट्टीवर तोच बरा.

विजेवर चालवायचे असेल तर शिकाऊ विमानाला दर किलोला २०० ते २५० वॅट धरावेत, कसरतीच्या विमानाला ३०० च्या पुढे. चार सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) ५० अँपिअर देताना व्होल्टेज १४.८ च्या खाली उतरते; हिशेब वॅटमीटरवर मोजलेल्या आकड्याचा करावा. मोटारचा वेग राखणारा स्पीड कंट्रोलर ६० ते ७० अँपिअरचा घ्यावा.

जागेचाही विचार हवा. जांभ्याच्या सड्यावर चाके नीट धावतात, पण सुटे खडे प्रोपेलरची टोके उडवतात. पुळणीवर ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळूच उपयोगाची. या इंजिनांना सहसा हवेची जाळी नसते, त्यामुळे कार्बोरेटरमध्ये गेलेली वाळू पिस्टन आणि लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) ओरबाडते. इंजिन नेहमी फळीवर किंवा ताडपत्रीवर सुरू करावे. विमानतळाजवळच्या भागात उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर क्षेत्र तपासावे.

ग्लो इंधनातले मेथॅनॉल हवेतले पाणी शोषते आणि दमट किनाऱ्यावर उघडा राहिलेला डबा लवकर बिघडतो. दिवस संपला की टाकी रिकामी करावी, इंजिन पूर्ण कोरडे होईपर्यंत चालवावे आणि कार्बोरेटर व ग्लो प्लगच्या छिद्रातून गंजरोधक तेल घालून प्रोपेलर हाताने फिरवावा. हे टाळले तर मागचे बेअरिंग आधी गंजते आणि खरखर ऐकू येऊ लागते.