नौपाडा (ठाणे)

नौपाडा ही ठाणे शहराच्या पश्चिम भागातली, रेल्वे स्टेशनला लागून असलेली जुनी मध्यमवर्गीय वस्ती आणि बाजारपेठ. पूर्वेला रेल्वेचे रूळ, पश्चिमेला तीन हात नाका आणि पूर्व द्रुतगती महामार्ग, उत्तरेच्या अंगाला तलावपाळी आणि पाचपाखाडी, अशी तिची ढोबळ हद्द. नेमकी रेघ मारायला कुणी जाऊ नये. विष्णूनगर, घंटाळी, ब्राह्मण सोसायटी, बी केबिन इथले रहिवासी पत्ता सांगताना आधी आपल्या भागाचे नाव घेतात आणि मग 'नौपाडा' जोडतात. टपालाचा पिन कोड ४००६०२. महापालिकेच्या कारभारात रुळांपलीकडच्या कोपरीसह नौपाडा-कोपरी अशी एकच प्रभाग समिती आहे. दोन्हीकडच्या तक्रारी एका कार्यालयात जमा होतात, एवढेच त्यांचे नाते.

वस्तीची घडण

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला पोहोचली. नौपाडा वसला तो या रुळांच्या आधाराने, पण बऱ्याच सावकाशीने. ठाण्याला नगरपालिका १८६३ मध्ये आली आणि महापालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी. मधल्या काळात, विशेषतः स्वातंत्र्यानंतर, मुंबईत नोकरी आणि ठाण्यात घर हे गणित परवडणारे ठरले. साठच्या दशकात वागळे इस्टेटची औद्योगिक वसाहत उभी राहिली, तेव्हा कारखान्यांतले कारकून, सुपरवायझर, ड्राफ्ट्समनही इकडे राहायला आले. बैठी घरे, वाड्या आणि चाळी हळूहळू पाडून तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती झाल्या. खाली दोन-चार दुकाने, आवारात नारळ किंवा फणस, जिन्याखाली सायकली.

बी केबिन हे नाव रेल्वेच्या सिग्नल केबिनवरून पडले. पुण्याला जाणारी एसटी पकडायला वंदना डेपो आहे आणि तोही चालत जाण्याच्या अंतरावर. बँक, शाळा, दवाखाना, मंडई, नाट्यगृह, स्टेशन यांपैकी कशासाठीही वाहन काढावे लागत नाही, यातच नौपाड्याची खरी श्रीमंती होती. घोडबंदर रोडवर तरणतलावाच्या सोसायटीत राहायला गेलेली मंडळी आठवण काढतात ती याच गोष्टीची.

दिनक्रम

सकाळी सहापासून स्टेशनकडे पावले वळतात. ठाण्याहून सुटणारी लोकल मिळाली तर बसायला जागा मिळते, म्हणून तिच्या वेळेवर घराघरांतला चहा ठरतो. नऊनंतर गोखले रोड आणि राम मारुती रोडवर दुकानांची शटर वर जातात. दुपारी एक ते चार या वेळात आतल्या गल्ल्या चक्क झोपतात. बाहेरून आलेल्या माणसाला हे आळशीपण वाटते, पण त्याच वेळी पोळी-भाजी केंद्रांत रात्रीच्या ऑर्डरींच्या पोळ्या लाटणे चालू असते. नवरा-बायको दोघे नोकरीला आणि घरी सासूबाईंचे गुडघे दुखतात, अशा कुटुंबांनी ही केंद्रे जगवली. पोळ्या मोजून, भाजी पावशेर किंवा अर्धा किलोच्या हिशेबात. चतुर्थीला उकडीच्या मोदकांची नोंदणी काही दिवस आधीच बंद होते.

खाण्याचा विषय निघाला की वाद होणारच. विष्णूनगरातल्या गजाननचा वडापाव प्रसिद्ध आहे तो त्याच्याबरोबरच्या पिवळ्या, पातळसर बेसनाच्या चटणीमुळे. सुकी लसणीची चटणी मानणाऱ्यांना हा प्रकार पटत नाही. पटणारे मात्र वडा संपला तरी चटणीसाठी पुन्हा ताटली पुढे करतात आणि पार्सल नेताना चटणीची जास्तीची पिशवी मागून घेतात. मामलेदार मिसळ तहसील कचेरीच्या आवारातली, म्हणजे काटेकोर बोलायचे तर हद्दीबाहेरची. तरी नौपाड्यातला माणूस पाहुण्यांना तिकडे नेतो तो यजमानाच्या थाटातच.

संध्याकाळी गोखले रोडवर पायी चालणे हे धैर्याचे काम आहे. कपड्यांची दुकाने, फुटपाथवरचे फेरीवाले, दुचाक्या आणि मधूनच अडकलेली टीएमटीची, म्हणजे महापालिकेच्या परिवहन सेवेची, बस. गेल्या दशकात या रस्त्यावर उड्डाणपूल झाला. वरून जाणाऱ्यांची सोय झाली. खालच्या दुकानदारांना विचारले तर ते आधी उसासा टाकतात. गावदेवी मैदानाखाली वाहनतळ बांधला, तरी गाडी दुकानासमोर दोन मिनिटे उभी करण्याची सवय काही त्या तळघरात गेलेली नाही.

कट्टे, व्याख्याने, सण

'सांस्कृतिक' हे विशेषण ठाणेकर सढळ हाताने वापरतात, पण नौपाड्यापुरते ते बरेचसे खरे आहे. १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १९७८ मध्ये सुरू झालेले गडकरी रंगायतन ही दोन्ही ठिकाणे हाकेच्या अंतरावर. ठाण्याचे खासदार राहिलेल्या रामभाऊ म्हाळगी यांच्या नावाची व्याख्यानमाला जानेवारीत सरस्वती शाळेच्या पटांगणात भरते. थंडीत मफलर गुंडाळून दोन-दोन तास खुर्चीवर बसणारा श्रोता अजून टिकून आहे, हे या वस्तीचे वैशिष्ट्यच म्हणायचे. भगवती शाळेमागच्या जिजामाता उद्यानात आचार्य अत्रे कट्टा भरतो. तिथे वक्ता कितीही मोठा असो, प्रश्न विचारणारे आजोबा त्याच्याहून जास्त वेळ घेऊ शकतात. घंटाळीत योगवर्गांची परंपरा आहे आणि सहयोग मंदिराच्या सभागृहात साखरपुड्यापासून पुस्तक प्रकाशनापर्यंत सगळे होते.

गुढीपाडव्याला कोपिनेश्वर मंदिरातून निघणारी स्वागतयात्रा राम मारुती रोड, गोखले रोडवरून फिरते. नऊवारीतल्या बुलेटस्वार मुली, लेझीम, शाळांचे चित्ररथ. त्यापेक्षा वेगळी गंमत दिवाळी पहाटेची. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान, फराळ उरकून नवे कपडे घालून मित्रमैत्रिणींना भेटायला राम मारुती रोडवर यायचे, एवढाच हा प्रकार होता. कुणी आयोजक नव्हता, पत्रिका नव्हती. पुढे शहरभरातून तरुण येऊ लागले, मग पक्षांची व्यासपीठे आली, ध्वनिक्षेपक आले, पोलीस बंदोबस्त आला. रस्त्याकडेच्या घरांतले ज्येष्ठ त्या दिवशी खिडक्या लावून बसतात. त्यांची तक्रार रास्त आहे. पण ठाण्यातल्या बऱ्याच जणांना कॉलेजातली ओळख पुन्हा भेटली ती याच गर्दीत, हेही तितकेच खरे.

इमारतींचा प्रश्न

नौपाड्यात आज सर्वांत जास्त चर्चा होते ती पुनर्विकासाची. मराठीत 'रिडेव्हलपमेंट' म्हणतात ती. साठ-सत्तरच्या दशकांतल्या इमारतींचे स्लॅब गळू लागले, सळ्या बाहेर आल्या. ४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे बी केबिन भागातली कृष्णा निवास ही तीन मजली इमारत कोसळली आणि दहाहून अधिक जण दगावले. त्याआधी ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत पडून ७४ जणांचा मृत्यू झाला होता. ती घटना बेकायदा बांधकामाची होती. नौपाड्यातल्या दुर्घटनेने दाखवले ते वेगळेच: कागदपत्रे चोख असलेले, कर वेळेवर भरणारे घरही वयाने धोकादायक होते.

दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ब म्हणजे रहिवासी राहत असताना दुरुस्त करायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. आपली इमारत यादीत कुठे आहे हे बहुतेकांना तोंडपाठ असते. काही जणांना सी-१ ची नोटीस नको असते, कारण भाडे भरून कुठे जायचे? काहींना ती हवी असते, कारण त्याशिवाय आडमुठे सभासद हलत नाहीत.

अडचण मात्र नुसत्या संमतीची नाही, रस्त्याच्या रुंदीची आहे. जुन्या इमारतीत मुळातच भरपूर बांधकाम झालेले असते. बिल्डरला सगळ्यांना आहे त्याहून मोठे घर द्यायचे, वर विकायला फ्लॅट काढायचे आणि नफाही कमवायचा, तर जादा चटईक्षेत्र (एफएसआय), म्हणजे भूखंडाच्या मानाने जास्त बांधकामाची मुभा, हवे. ते मिळते शुल्क भरून घेतलेल्या एफएसआयमधून आणि टीडीआरमधून, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत आणलेल्या बांधकाम हक्कातून. २०१६ च्या राज्य सरकारच्या टीडीआर नियमांनी नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यांवर टीडीआर वापरायला मनाई केली. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही मूळ चटईक्षेत्र भूखंडाच्या १.१ पट आणि त्यावरचे सगळे रस्त्याच्या रुंदीप्रमाणे, हेच सूत्र राहिले. नौपाड्यातल्या कितीतरी गल्ल्या सहा मीटरच्या. जिथे मुले निर्धास्त क्रिकेट खेळली, त्याच अरुंदपणाने त्यांच्या आईवडिलांची घरे अडवली. गोखले रोडवर तोंड असलेल्या इमारतीला बिल्डर रांग लावणार आणि तिच्या पाठच्या, तितक्याच मोडकळीला आलेल्या इमारतीकडे कुणी फिरकणार नाही, असे चित्र दिसू लागले.

यातून वाट निघाली ती गल्लीची रेषाच नऊ मीटरची धरण्याची: दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर सोडायचे. पण एखादी नवी इमारत मागे सरकलेली आणि शेजारची जुनी अजून पुढे आलेली, त्यामुळे रस्त्याची कड करवतीसारखी झाली आहे. सगळ्या इमारती बदलेपर्यंत रुंदी कागदावरच.

सोसायटीच्या सभा हा स्वतंत्र विषय आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या निर्देशांनुसार, २०१९ च्या सुधारणेनंतर, पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. रविवारी सकाळी आवारात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, पीएमसीचा, म्हणजे सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराचा, माणूस लॅपटॉप उघडतो आणि प्रश्न सुरू होतात. कार्पेट किती टक्के वाढवून देणार? भाडे किती महिन्यांचे आगाऊ? कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारा एकरकमी निधी, कधी? मग मागून एखाद्या काकू विचारतात, "देवघर पूर्वेला येईल ना हो?" पीएमसीवाला हसतो, पण उत्तर द्यायला चुकत नाही, ते मत त्याला हवे असते. पहिल्या मजल्यावरचे काका शांतपणे म्हणतात, "आमचं सगळं मान्य आहे, फक्त तीन वर्षांत संपवा." या एका वाक्यावर सभेत कुणाकडेच उत्तर नसते. काम रखडले, भाड्याचे धनादेश थांबले, तर सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पुन्हा किती घरे बदलायची?

पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने राहायच्या, इमारतींत गुंता आणखी वाढतो. मालक आणि भाडेकरू यांचे पटत नसते आणि इमारत एकदा पाडली की आपला हक्क गेला, ही भाडेकरूंची धास्ती. पाडण्याआधी कुणाच्या ताब्यात किती जागा होती, याचा महापालिकेचा दाखला घेऊन ठेवणे हा अनुभवी लोकांचा पहिला सल्ला असतो.

नवी इमारत उभी राहते तेव्हा तळमजल्यावर यांत्रिक पार्किंग येते, लिफ्ट येते आणि मासिक मेंटेनन्स कैक पटींनी वाढतो. पेन्शनवर राहणाऱ्यांना तोच बोचतो. म्हणून कॉर्पसच्या व्याजातून मेंटेनन्स भागवायचा हिशेब सह्या करण्याआधीच कागदावर मांडून पाहिला जातो. झाडांचे म्हणाल तर, तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आवारातल्या फणसाबद्दल सभेत जास्तीत जास्त एक मिनिट बोलले जाते.

तळमजल्यावरच्या दुकानदारांना नवे गाळे मिळतात, पण मधल्या तीन-चार वर्षांत गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. किराणावाले बऱ्याचदा परतत नाहीत. गाळा भाड्याने देतात आणि तिथे चष्म्याचे किंवा मोबाइलचे दुकान लागते. छोटे दवाखाने आणि दातांचे डॉक्टर मात्र हटकून परत येतात, कारण पेशंट जुनेच असतात. इस्त्रीवाला, चांभार, जिन्याशी बसणारी फुलवाली यांचा कोणत्याच करारनाम्यात उल्लेख नसतो. जिन्याखालची जागा नव्या आराखड्यात मीटर रूमला जाते. इस्त्रीवाले आता बहुधा व्हॉट्सॲपवर निरोप घेतात, घरून कपडे नेतात आणि दुसऱ्या दिवशी वॉचमनकडे गाठोडे ठेवून जातात.