बॅड मोड

‘बॅड मोड’ हा जपानी पॉप संगीतातील अग्रगण्य गीतकार-गायक हिकारू उतादा यांचा आठवा जपानी अल्बम आहे. १९ जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे उतादा यांनी वयाची ३९ वर्षे पूर्ण केली त्या दिवशी, तो इंटरनेटवरून प्रसिद्ध झाला आणि त्याची सीडी २३ फेब्रुवारी २०२२ रोजी एपिक रेकॉर्ड्स जपान या कंपनीने बाजारात आणली. मूळ अल्बममध्ये दहा गाणी असून त्यांत हाउस आणि अ‍ॅसिड हाउस ही इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची रूपे, फंक आणि आर अँड बी हे कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकार, लॅटिन ठेके आणि संथ, विरळ इलेक्ट्रॉनिक संगीत अशा निरनिराळ्या शैली एकत्र नांदतात. जपानी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा एकाच अल्बममध्ये बरोबरीच्या नात्याने वापरण्याची उतादा यांची ही पहिलीच वेळ होती, आणि अल्बममधल्या शैलींचे नावीन्य समजून घ्यायचे तर या दुभाषिकपणापासूनच सुरुवात करावी लागते.

उतादा यांचा जन्म १९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील तेरुझाने उतादा हे संगीतनिर्माते, तर आई केइको फुजी या ‘एन्का’ या करुणरसप्रधान जपानी गानप्रकारातील नामवंत गायिका. घरात दोन भाषा आणि दोन देशांचे संगीत पहिल्यापासूनच होते. डिसेंबर १९९८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, उतादा यांचे ‘ऑटोमॅटिक’ हे पहिले जपानी गाणे आले आणि मार्च १९९९ मधल्या ‘फर्स्ट लव्ह’ या अल्बमच्या एकट्या जपानमध्ये ७० लाखांहून अधिक प्रती खपल्या. जपानमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम हे त्याचे स्थान आजही कायम आहे. पुढच्या काळात मात्र दोन भाषांचे दोन स्वतंत्र संसार झाले. जपानी श्रोत्यांसाठी जपानी अल्बम, आणि अमेरिकी बाजारासाठी ‘एक्झोडस’ (२००४) आणि ‘धिस इज द वन’ (२००९) हे संपूर्ण इंग्रजी अल्बम, अशी ही वाटणी होती. ‘एक्झोडस’मध्ये टिंबलँड यांच्यासारखे अमेरिकी निर्माते सोबत असूनही तिकडे त्याला जपानसारखे यश लाभले नाही. २०१० च्या अखेरीस उतादा यांनी संगीतातून दीर्घ रजा घेतली. या रजेला त्यांनी ‘निंगेन कात्सुदो’, म्हणजे ‘माणूस म्हणून करावयाची कामे’, असे नाव दिले होते. २०१३ मध्ये आईचे निधन झाले. लंडनमधले वास्तव्य आणि मुलाचा जन्म याच काळातले. २०१६ मधल्या पुनरागमनाचा ‘फँटोम’ हा अल्बम आईच्या आठवणीने भारलेला आहे, आणि त्यानंतरचा ‘हात्सुकोइ’ (२०१८) हा शीर्षकानेच पहिल्या अल्बमकडे वळून पाहतो, कारण ‘हात्सुकोइ’ म्हणजे पहिले प्रेम. हे दोन्ही अल्बम प्रामुख्याने जपानी भाषेत आणि वाद्यांच्या नैसर्गिक नादाकडे झुकलेले होते. ‘बॅड मोड’चे वेगळेपण या पार्श्वभूमीवर उठून दिसते.

जून २०२१ मध्ये उतादा यांनी आपण नॉन-बायनरी, म्हणजे स्त्री किंवा पुरुष या विभागणीत न बसणारी व्यक्ती, असल्याचे जाहीर केले. म्हणून या नोंदीत त्यांच्यासाठी लिंग न दाखवणारी आदरार्थी रूपेच वापरली आहेत.

अल्बमची जडणघडण जपानी पॉप व्यवसायाच्या एका जुन्या रीतीशी निगडित आहे. दूरचित्रवाणी मालिका, चित्रपट, अ‍ॅनिमे (जपानी चलच्चित्रे), व्हिडिओ गेम किंवा जाहिरात यांच्यासाठी गाणे बांधून द्यायचे आणि ते त्यांच्याबरोबरच लोकांपर्यंत पोहोचवायचे, या रीतीला तिकडे ‘ताइअप्पु’ म्हणतात. ‘बॅड मोड’मधल्या दहापैकी सात गाण्यांची पहिली ओळख अशीच झाली. ‘फेस माय फिअर्स’ (२०१९) हे ‘किंगडम हार्ट्स ३’ या व्हिडिओ गेमचे प्रारंभगीत असून ते अमेरिकी निर्माते स्क्रिलेक्स आणि गीतकार पू बेअर यांच्यासह बनले होते. अमेरिकेतील बिलबोर्ड हॉट १०० या यादीत उतादा यांचे नाव प्रथम झळकले ते याच गाण्यामुळे. ‘टाइम’ एका मालिकेसाठी, तर ‘दारे नि मो इवानाइ’ एका पेयाच्या जाहिरातीसाठी तयार झाले आणि दोन्ही मे २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ‘वन लास्ट किस’ (मार्च २०२१) हे इव्हँजेलियन या अ‍ॅनिमे चित्रपटमालिकेच्या अखेरच्या भागाचे गीत आहे, तर ‘पिंक ब्लड’ (जून २०२१) एका अ‍ॅनिमे मालिकेचे शीर्षकगीत. ‘किमि नि मुचू’ (नोव्हेंबर २०२१) पुन्हा एका मालिकेसाठी आणि ‘फाइंड लव्ह’ शिसेइदो या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या जाहिरातीसाठी होते. अशा फुटकळ मागण्यांतून जमलेली गाणी एका अल्बममध्ये कोंबली की सहसा नुसते गाठोडे तयार होते. इथे तसे झालेले नाही. याचे श्रेय उरलेल्या तीन गाण्यांना द्यावे लागेल.

ती तीन गाणी म्हणजे शीर्षकगीत ‘बॅड मोड’, ‘किबुन जा नाइ नो’ आणि ‘समव्हेअर निअर मार्सेय’. अल्बमबरोबरच प्रथम समोर आलेली ही तिन्ही गाणी ‘फ्लोटिंग पॉइंट्स’ या नावाने काम करणारे इंग्रज संगीतकार सॅम शेफर्ड यांच्या सहनिर्मितीतील आहेत, ही गोष्ट सहज लक्षात येत नाही, पण महत्त्वाची आहे. शेफर्ड यांनी मेंदूविज्ञानात डॉक्टरेट मिळवली आहे. नृत्यगृहांसाठीच्या संगीताबरोबरच सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा यांच्यासह केलेला ‘प्रॉमिसेस’ (२०२१) हा जॅझ, अभिजात आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा मेळ साधणारा अल्बमही त्यांच्या नावावर आहे. गाण्याला घाई न करता मोकळी जागा द्यायची, हा त्यांचा स्वभाव या तिन्ही रचनांत दिसतो. शीर्षकगीताची सुरुवात प्रसन्न, डुलत्या फंक ठेक्याने आणि वाऱ्यावर येणाऱ्या सुषिर वाद्यांच्या आवाजाने होते. मध्यावर ठेका अचानक थांबतो, सूर पाण्यात विरघळावेत तसे पसरतात आणि काही वेळाने लय हळूहळू जागेवर येते. मनाने खचलेल्या माणसाशेजारी बसून राहण्याविषयीचे हे गाणे आहे, त्यामुळे हा मधला खंड केवळ सजावट ठरत नाही.

या गाण्याचे शब्दही त्याच खोलीत वावरतात. खचलेल्या प्रिय व्यक्तीला धीराचे चार मोठे शब्द ऐकवण्याऐवजी गाणारी व्यक्ती सुचवते की ईमेलकडे दुर्लक्ष करू, झोपायच्याच कपड्यांत नेटफ्लिक्स पाहू, उबर ईट्सवरून काहीतरी मागवू. नेटफ्लिक्ससाठी ‘नेतोफुरी’ हे जपानी तोंडात बसलेले लघुरूप वापरले आहे. महासाथीच्या काळात घरोघरी हेच चालले होते. ‘महासाथ’ हा शब्द न उच्चारता त्या दिवसांची इतकी अचूक नोंद करणारी पॉप गाणी थोडी आहेत.

‘वन लास्ट किस’ आणि ‘किमि नि मुचू’ या गाण्यांचे सहनिर्माते ए. जी. कुक हे लंडनच्या पीसी म्युझिक या संस्थेचे संस्थापक. पॉप संगीतातला कृत्रिम चकचकाट मुद्दाम ताणून दाखवणाऱ्या शैलीसाठी कुक ओळखले जातात, पण उतादा यांच्यासोबत त्यांचा हात बराच आवरलेला वाटतो. ‘वन लास्ट किस’मध्ये एक साधी इलेक्ट्रॉनिक धून सतत फिरत राहते, खर्जातला आवाज उशिरा येतो आणि तो आला की तोवर हलके वाटणारे शब्द एकदम जड होतात. लूव्र संग्रहालयाची पहिली भेट फारशी भारावून टाकणारी नव्हती, कारण आपली मोनालिसा आपल्याला आधीच भेटली होती, अशा अर्थाच्या ओळींनी ते सुरू होते. इव्हँजेलियनचे दिग्दर्शक हिदेआकि आन्नो यांनीच या गाण्याची चित्रफीत दिग्दर्शित केली. अल्बममधले तिसरे महत्त्वाचे सहनिर्माते नारिआकि ओबुकुरो हे गायक-निर्माते असून २०१८ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमची निर्मिती उतादा यांनीच केली होती. ‘टाइम’ आणि ‘दारे नि मो इवानाइ’ यांतला आर अँड बी आणि लॅटिन वळणाच्या तालवाद्यांचा दाट विणलेला पोत या जोडीचा आहे.

उतादा यांच्या भाषेच्या हाताळणीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. जपानी भाषेत प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखाच कालावधी मिळतो. त्यामुळे इंग्रजी आर अँड बीच्या ठेक्यात, जिथे काही अक्षरांवर जोर पडतो आणि काही गिळली जातात, जपानी शब्द अवघडल्यासारखे होतात. ‘ऑटोमॅटिक’मध्ये उतादा यांनी यावर एक उपाय शोधला होता. ‘सातव्या घंटेला’ या अर्थाचे ‘नानाकाइमे नो बेरु दे’ हे शब्द गाताना त्यांनी ‘ना’वरच श्वास तोडला, पुढे ‘नाकाइमे नो बे’ असा तुकडा घेतला आणि घंटा या अर्थाच्या ‘बेरु’ शब्दाचे दोन तुकडे करून ‘रु’ पुढच्या ओळीला जोडला. व्याकरणाने हे चूक, पण ठेक्याने अगदी बरोबर होते. ‘बॅड मोड’मध्ये ही फोड इतकी मुरली आहे की जपानी ओळ कुठे संपली आणि इंग्रजी कुठे सुरू झाली हे कानाला लगेच कळत नाही. भाषा बदलते ती अर्थासाठीही आणि ठेक्यासाठीही.

सर्वनामांचा विषयही याला लागून आहे. जपानीत क्रियापदाला लिंग नसते, पण ‘मी’ या अर्थाची सर्वनामे अनेक आहेत आणि त्यांतून बोलणाऱ्याचे वय, लिंग आणि नम्रता सूचित होते. ‘समव्हेअर निअर मार्सेय’मध्ये उतादा ‘बोकु’ हे, रूढीने मुलांच्या आणि पुरुषांच्या तोंडी असणारे, सर्वनाम वापरतात. मराठीत याच्या नेमके उलटे आहे: आपला ‘मी’ सर्वांना सारखा, पण ‘मी राहतो’ की ‘मी राहते’ हे म्हणताच लिंग उघड होते. या गाण्याचा मराठी अनुवाद करू पाहणाऱ्याला इथे अडावेच लागेल.

‘किबुन जा नाइ नो’, म्हणजे ‘आज मन नाही’, ही अल्बममधली सर्वांत धाडसी रचना मानावी लागेल. २८ डिसेंबर २०२१ रोजी, अल्बम येण्यास जेमतेम तीन आठवडे उरले असताना, उतादा यांनी बाहेर बसून दिसेल ते टिपत हिचे शब्द लिहिले. पावसाळी दिवस, सिगारेट मागणारी अनोळखी व्यक्ती, लोएवेच्या महागड्या पाकिटातून काढलेल्या नोटेने बेघर माणसाकडून विकत घेतलेली कविता, अशा नोंदी एकामागून एक येतात आणि त्यांवर कसलेही भाष्य होत नाही. पाकिटाच्या कंपनीचे नाव गाळले नाही, यातच त्या ओळीचा प्रामाणिकपणा आहे. संगीत जवळजवळ जागेवरच थांबलेले असते, आणि शेवटाकडे उतादा यांच्या लहान मुलाचा आवाज त्यात मिसळतो. ध्रुवपद, कडवे, पुन्हा ध्रुवपद या पॉपच्या चौकटीतून उतादा इतक्या लांब क्वचितच जातात.

शेवटचे ‘समव्हेअर निअर मार्सेय’ सुमारे १२ मिनिटांचे आहे. एक जण लंडनमध्ये, दुसरे पॅरिसमध्ये, या उन्हाळ्यात सोयीच्या ठिकाणी, मार्सेयच्या आसपास कुठेतरी भेटू, एवढाच त्याचा मजकूर. तो पहिल्या काही मिनिटांतच सांगून होतो, आणि पुढे अ‍ॅसिड हाउसच्या वळणाचा किरकिरत, वळवळत जाणारा खर्ज आणि तालवाद्ये गाण्याचा ताबा घेतात. या शैलीचा प्रवास रंजक आहे. रोलंड या जपानी कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गिटारवादकांना साथीचा खर्ज पुरवण्यासाठी टीबी-३०३ हे यंत्र बनवले. ते खपले नाही आणि काही वर्षांतच बंद झाले. शिकागोतल्या तरुणांनी ती जुनी यंत्रे स्वस्तात घेऊन त्यांच्या कळा वेड्यावाकड्या फिरवल्या, त्यातून १९८७ च्या सुमारास अ‍ॅसिड हाउस जन्मले आणि वर्षभरात ब्रिटनमध्ये पसरले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक असलेल्या चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्येच हेच यंत्र घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले होते, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते. तो नाद शिकागो आणि लंडन फिरून, एका इंग्रज निर्मात्याच्या हातून, पुन्हा जपानी गाण्यात येतो.

अल्बममध्ये एक सांधा मात्र खटकतो. ‘फेस माय फिअर्स’चा स्फोटक, मैदानी आवाज आधीच्या आणि नंतरच्या गाण्यांच्या घरगुती जवळिकीत बसत नाही. ते तीन वर्षे जुने आहे, हे ऐकताच कळते.

मुखपृष्ठावर घरच्या साध्या कपड्यांत, घरातच उभ्या असलेल्या उतादा यांचे छायाचित्र असून चौकटीच्या कडेने एक लहान मूल धावत निघाले आहे. अल्बमच्या प्रकाशनादिवशीच लंडनच्या एअर स्टुडिओजमध्ये वादकवृंदासह चित्रित केलेली मैफल इंटरनेटवरून दाखवण्यात आली. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी स्थापन केलेला हा स्टुडिओ एकोणिसाव्या शतकातल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे. एप्रिल २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवात आशियाई कलावंतांच्या सामायिक कार्यक्रमातही उतादा यांचे गायन झाले.

कुक आणि शेफर्ड यांच्याशी जुळलेले हे नाते पुढेही टिकले. जुलै २०२३ मधले ‘गोल्ड’ हे गाणे कुक यांच्यासह तयार झाले. एप्रिल २०२४ मध्ये, कारकिर्दीच्या पंचवीस वर्षांच्या निमित्ताने, ‘सायन्स फिक्शन’ हा निवडक गाण्यांचा संच प्रसिद्ध झाला, आणि त्यात ‘ऑटोमॅटिक’च्या सोबतीने ‘समव्हेअर निअर मार्सेय’ही नव्याने संपादित रूपात समाविष्ट आहे.