काचेतून न येणारं ऊन

भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा गावात उन्हावाचून कुणाची हाडं मऊ पडतील, हे मला एरवी पटलं नसतं. पण शेजारचा मुलगा त्याची बिबट्या पाल, म्हणजे पेटीत पाळलेली लेपर्ड गेको, घेऊन आला. "काका, ही चालेना." तिचा खालचा जबडा बोटाखाली रबरासारखा दबत होता, पुढचे पाय कमानीसारखे वाकले होते. "पण पेटी खिडकीतच असते, रोज ऊन लागतं हिला!"

ऊन लागत होतं, पण काचेतून. साधी काच उजेड आत सोडते, ऊबही सोडते. हाडांना लागणारी अतिनील लहर मात्र जवळपास सगळी अडवते.

त्वचेत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा रेणू असतो, चार कड्या एकमेकींना जोडलेल्या. साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरची लहर त्यावर पडली की दुसऱ्या कडीतला एक बंध तुटतो आणि कडी उघडते. हे पूर्व-ड३, म्हणजे ड३ जीवनसत्त्वाच्या आधीची पायरी. इथून पुढे त्याला प्रकाश नको, ऊब हवी. अंगाच्या उबेनं एक हायड्रोजन जागा बदलतो आणि ड३ जीवनसत्त्व तयार होतं. खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागायला, म्हणजे हाडं घट्ट राहायला, तेच लागतं. मला थक्क करतो तो यातला लगाम. ऊन जास्त झालं तर तीच लहर पूर्व-ड३ला ल्युमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉलमध्ये बदलते, आणि त्यांच्यापासून ड३चं काम होत नाही. त्यामुळे उन्हानं ड३ कधी विषाइतकं साठत नाही. पण खाण्यावर टाकायच्या जीवनसत्त्वाच्या भुकटीतून पोटात गेलेल्या ड३ला असा लगाम नाही. ते अती झालं की कॅल्शियम मूत्रपिंडात साचतं. "जितकी पावडर तितकी ताकद" असं सांगणाऱ्या जाहिरातींवर म्हणूनच विश्वास ठेवू नका.

"रात्रीचा प्राणी, त्याला दिवा कशाला?" असंही विचारतात. आपल्या भिंतीवरच्या पालीच्याच कुळातल्या, भूमध्य प्रदेशातल्या एका पालीवरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दिवसा फिरणाऱ्या सरड्यापेक्षा तिची त्वचा थोड्याशा अतिनील प्रकाशातही ड३ जास्त बनवते, असं त्यात दिसलं. थोडं मिळतं, म्हणून कातडी तरबेज. असा जीव माणसाच्या अंगावर पडला, यावरून पंचांगात शुभाशुभ शोधणं मला पटत नाही. पाल पडते ती पाय सुटला म्हणून.

खाण्याचंही बघावं लागतं. रातकिड्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, पालीला हवं ते नेमकं उलटं. म्हणून किडे डबीत कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून द्यायचे. किड्यांत 'अ' जीवनसत्त्वही फार कमी. ते कमी पडलं की डोळे सुजतात, पापणीखाली कात अडकते.

पेटी आम्ही खिडकीतून काढली, कारण बंद काचेत आमचं ऊन पालीला भाजून मारेल. वर सौम्य अतिनील नळी लावली, खाली काच न ठेवता जाळी, आणि लपायला अंधारा कोपरा. नळी उजेड देत राहते तरी तिचं अतिनील हळूहळू संपतं, म्हणून बदलण्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवली. कॅल्शियमचं औषध पशुवैद्यांनी ठरवलं. चार महिन्यांनी जबडा दाबून पाहिला, आता तो दबत नाही. पाय मात्र वाकलेलेच राहिले.