पांदण का खचते? एका ग्रॅम मातीतले सात गुंठे

विदर्भात रस्त्यांवरून राजकारण तापलं की वाद ठरलेल्या वाटेनेच जातो. एक बाजू समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर मोजून दाखवते आणि वर्धा जिल्ह्यातून निघणाऱ्या प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गाची बाजू मांडते. दुसरी बाजू विचारते, वावरात जायची पांदण कधी होणार? मी पांदणीच्या बाजूचा आहे. जुलैत खताचं पोतं डोक्यावर घेऊन जाणाऱ्या कास्तकाराला महामार्ग किती पदरी आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. पण दोन्ही बाजू बोलतात ते निधीबद्दल. रस्ता ज्या मातीवर बसायचा आहे, तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

पश्चिम विदर्भातली काळी माती सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. तिच्यातलं मुख्य चिकणखनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. याचा एक पापुद्रा साधारण एक नॅनोमीटर जाडीचा असतो. वर-खाली सिलिकाचे दोन थर आणि मध्ये ॲल्युमिनाचा एक, अशी त्याची रचना. मधल्या थरात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. ॲल्युमिनियमवर तीन धनभार, मॅग्नेशियमवर दोनच; त्यामुळे अख्ख्या पापुद्र्यावर ऋणभार उरतो. तो भागवायला दोन पापुद्र्यांच्या फटीत कॅल्शियम किंवा सोडियमचे आयन, म्हणजे धनभार असलेले अणू, येऊन बसतात. पाऊस पडला की पाण्याचे रेणू या आयनांभोवती गोळा होतात, फटीत शिरतात आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर ढकलले जातात. माती फुगते ती अशी.

शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे सुटे करून पसरले, तर पृष्ठभाग 700 चौरस मीटरच्या पुढे जातो. म्हणजे चिमूटभर मातीत जवळपास सात गुंठे! एवढ्या पृष्ठभागाला पाणी धरून बसलं, की माती वजन पेलणार कशी?

कॅल्शियमवर दोन धनभार असल्याने तो शेजारच्या पापुद्र्यांना बऱ्यापैकी बांधून ठेवतो. सोडियमवर एकच, त्यामुळे पकड ढिली. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात सोडियम जास्त आहे, म्हणून तिथला गारा अधिकच वाईट. चुना मिसळल्यावर काळी माती सुधारते त्याचं एक कारण हेच, चुन्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतं. मे महिन्यात उलटा प्रकार. बारीक छिद्रांतलं उरलंसुरलं पाणी कणांना आत ओढून धरतं, ढेकूळ दगडासारखं कडक होतं आणि जमीन भेगाळते.

याच भेगाळण्या-फुगण्याने काळ्या मातीत बांधलेल्या घरकुलाच्या भिंतीला तिरपी भेग जाते आणि लोक वास्तुदोष म्हणून दार हलवतात, पूजा घालतात. घराखालची माती कोरडी राहते, कडेची पावसात फुगते आणि भिंत एका टोकाने उचलली जाते, इतकंच ते आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा साधारण मीटरभर थर दिला की खालचा फुगवटा दबतो, हे दाखवून दिलं. शांतीच्या पूजेचा खर्च अशा भरावाला लागला तर घराचं भलं होईल.

आता पांदणीकडे या. बंड्यांच्या चाकांनी झिजून ती दोन्हीकडच्या धुऱ्यांपेक्षा, म्हणजे वावराच्या बांधांपेक्षा, खाली गेलेली असते, म्हणून पावसाळ्यात तिचा नाला होतो. त्यावर नुसता मुरूम टाकला, की ट्रॅक्टरच्या वजनाखाली ओली माती खड्यांच्या फटीतून वर येते आणि मुरूम खाली जातो. दुसऱ्या पावसाळ्यात तो दिसतही नाही. म्हणून आधी पाणी बाहेर काढायला हवं. रस्ता वावरापेक्षा उंच, मधोमध थोडा फुगीर आणि दोन्ही बाजूंना नाल्या.

नाल्यांना जागा लागते आणि खरं राजकारण इथे आहे. जुन्या गाव नकाशावर गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा, पायमार्ग सव्वाआठ फुटांचा. सव्वाआठ फुटांत ट्रॉली जेमतेम जाते, नाली कुठे काढणार? गाडीमार्गही दोन्हीकडून नांगरला जाऊन अरुंद झालेला असतो. राज्य सरकारने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, पण धुऱ्यावरचा हातभर तुकडा सोडायला कुणी तयार नसेल तर निधी चिखलातच जाणार. महामार्गासाठी शेकडो एकर संपादित करणारी यंत्रणा या हातभर जागेची मोजणी करायला मात्र वर्षानुवर्षं फिरकत नाही, याचा मला संताप येतो.

राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचं मुख्यालय नागपुरातच आहे. तरी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात मातीचा रकाना का नसावा? चाचणी तर गावच्या शाळेतही होईल. वाळवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती 100 मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलचे रेणू पाण्यासारखे ध्रुवीय, म्हणजे एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण भार असलेले, नसल्याने त्यात माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हीकडची उंची बघायची. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दीडपटीवर गेली, तर त्या पांदणीचं अंदाजपत्रक नालीशिवाय ग्रामसभेने मंजूर करू नये.