विंचेस्टरचे सेंट क्रॉस : धर्मादायाचे धन आणि त्याचे राखणदार

दक्षिण इंग्लंडमधल्या विंचेस्टर शहराबाहेर, इचन नदीच्या कुरणांलगत सेंट क्रॉस हा धर्मादाय आश्रम आहे. आजही चालू असलेल्या इंग्लंडच्या सर्वांत जुन्या आश्रमांपैकी हा एक. तिथे वृद्धांना कायमचा निवारा मिळतो आणि दारी आलेल्या वाटसरूने मागितले, तर त्याला पावाचा तुकडा आणि शिंगाच्या पेल्यातून घोटभर बिअर देण्याची प्रथाही पाळली जाते. पर्यटकांना याच प्रथेचे अप्रूप वाटते. आश्रमाचा खरा इतिहास मात्र त्याच्या उत्पन्नावरून झालेल्या झगड्यांचा आहे.

स्थापना ११३२ ते ११३६ च्या दरम्यानची. संस्थापक होते विंचेस्टरचे बिशप हेन्री ऑफ ब्ल्वा. ते इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाचे नातू आणि पुढे गादीवर बसलेल्या स्टीफनचे सख्खे भाऊ. आधाराशिवाय स्वतःचे काहीच करू न शकणाऱ्या तेरा गरीब, अशक्त पुरुषांना राहायला जागा, वस्त्र आणि अन्न द्यायचे, शिवाय शंभर गरिबांना रोज जेवू घालायचे, असे त्यांनी ठरवून दिले. त्या शंभरांच्या पंगतीचे दालन आजही ‘शंभरांचे दालन’ म्हणून ओळखले जाते.

हा खर्च चालावा म्हणून आश्रमाला जमिनी आणि चर्चचे उत्पन्न तोडून दिले होते. वादाचे मूळ तिथेच. ११५१ मध्ये हेन्रींनी कारभार नाइट्स हॉस्पिटलर या लष्करी धर्मसंघाकडे सोपवला. पुढे तो परत मिळवण्यासाठी बिशपांना बराच काळ भांडावे लागले. आश्रमवासीयांच्या काळ्या झग्यावरचा रुपेरी क्रूस ही त्या संघाची आठवण मानली जाते.

चौदाव्या शतकात तर आश्रमाच्या प्रमुखांनीच हात धुऊन घेतले. ‘मास्टर’ हे पद म्हणजे आयती जहागीर, अशी त्यांची समजूत झाली होती. गरिबांच्या वाट्याचे स्वतः खाल्ले, इमारती पडू दिल्या. १३७० च्या दशकात बिशप विल्यम ऑफ विकहॅम यांनी या लुटीविरुद्ध चिकाटीने दावा लढवला आणि जिंकला. मला या इतिहासात हेन्रींइतकेच विकहॅम महत्त्वाचे वाटतात. दान देणाऱ्याचे नाव राहते, पण दिलेले दान गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचावे म्हणून भांडणारा सहसा विसरला जातो. या दाव्यानंतर मास्टर झालेल्या जॉन डी कँपेडन यांनी मोडकळीला आलेल्या चर्चची डागडुजी केली.

१४४५ मध्ये कार्डिनल हेन्री ब्यूफोर्ट यांनी जुन्या संस्थेला दुसरी शाखा जोडली. ही होती सन्मान्य दारिद्र्याची: चांगले दिवस पाहून नंतर विपन्नावस्थेत आलेल्यांसाठी. त्यांचा झगा गडद लाल, त्यावर कार्डिनलच्या टोपीचे चिन्ह. ब्यूफोर्ट यांच्या काळातली निवासांची लांबलचक रांग आजही वापरात आहे. छपरावर ओळीने उंच धुराडी दिसतात, कारण सामाईक दालनात झोपण्याऐवजी प्रत्येकाला शेगडी असलेली स्वतंत्र खोली मिळाली. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचे दार असावे, हा विचार पंधराव्या शतकात दगडात बांधला गेला, याचे फार कौतुक वाटते. ब्यूफोर्ट वारल्यावर मात्र इंग्लंडच्या गादीवरून झालेल्या गुलाबांच्या युद्धांत त्यांच्या घराण्याचा पक्ष मागे पडला, देणग्या हातच्या गेल्या आणि ही शाखा खुरटली.

सर्वांत मोठा घोटाळा एकोणिसाव्या शतकातला. बिशप ब्राउनलो नॉर्थ यांनी १८०८ मध्ये आपल्या मुलालाच, फ्रान्सिस नॉर्थ यांना, मास्टर नेमले. हेच पुढे गिलफर्डचे अर्ल, म्हणजे सरदार, झाले. जमिनींच्या भाडेपट्ट्यांच्या नूतनीकरणातून येणाऱ्या मोठ्या रकमा मास्टरच्या खिशात जात. आधार म्हणून १६९६ चा एक दस्तऐवज पुढे केला जाई. मास्टर आणि त्या वेळच्या आश्रमवासीयांनीच संमत केलेला हा दस्तऐवज उरलेले उत्पन्न मास्टरचे ठरवत होता. प्रकरण न्यायालयात गेले. १८५३ मध्ये न्यायाधीशांनी तो दस्तऐवज निर्लज्जपणाचा ठरवला आणि १८५५ मध्ये अर्लना पद सोडावे लागले.

पुढे न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेनुसार कारभार विश्वस्तांकडे गेला. मास्टरला ठरावीक वेतन मिळू लागले आणि बाकीचे उत्पन्न आश्रमाच्या कामासाठी राहिले. काळे आणि लाल झगे घालणारे दोन्ही शाखांचे ‘ब्रदर’, म्हणजे आश्रमवासी, आज त्याच आवारात शेजारी शेजारी राहतात.