हाताची सवय

बाळ जरा कुरकुरलं आणि आईनं उचललं, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "सारखं घेऊ नकोस गं, हाताची सवय लागेल." मला हे वाक्य कधी निष्ठुर वाटलं नाही. चुलीवर भाकरी, विहिरीचं पाणी, वर शेतातलं काम. अशा घरात बाईचे दोन्ही हात बाळात अडकून कसं चालेल? आणि तिचे हात नसले तरी आजीची मांडी, झोळी, मोठ्या बहिणीची कंबर होतीच. हेच वाक्य शास्त्र म्हणून सांगितलं गेलं तेव्हा मात्र ते भलतंच होऊन बसलं.

अमेरिकेतले वर्तनवादी (म्हणजे माणसाचं वागणं सवयीनं आणि बक्षीस-शिक्षेनं घडतं असं मानणारे) मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ साली बालसंगोपनावर पुस्तक लिहिलं. मुलांना कुशीत घेऊ नका, मांडीवर बसवू नका. अगदीच राहवलं नाही तर रात्री झोपताना कपाळावर एक पापी, आणि सकाळी हस्तांदोलन! न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांची शिस्त घड्याळाची: दूध ठरल्या वेळीच. मधे रडलं तर रडू दे. शिकलेल्या आया हे मन घट्ट करून पाळायच्या.

रुग्णालयांतही तोच खाक्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधल्या बऱ्याच रुग्णालयांत आजारी मुलाला आईवडील आठवड्यातून एखाद्या वेळीच भेटू शकत. काही ठिकाणी तेही नाही. कारण काय, तर भेटून गेले की पोर रडतं, एरवी कसं शांत असतं.

ही शांतता जेम्स रॉबर्टसन यांना खटकली. जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञांचे ते सहकारी. बोल्बींचा मातृवियोगाच्या परिणामांवरचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेनं १९५१ मध्ये काढला होता, पण कागदावरचं वाचून वॉर्ड बदलत नाहीत. रॉबर्टसन यांनी हातात धरायचा साधा सिनेकॅमेरा घेतला आणि हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचं चित्रण केलं. सोयीचे क्षण वेचले असं कुणी म्हणू नये म्हणून दिवसातल्या वेळा ठरवून घेतल्या आणि भिंतीवरचं घड्याळ चौकटीत ठेवलं. मुलगी आकांत करत नाही. रडू दाबते, आई आली तर तोंड फिरवते. घरी जायच्या दिवशी आपल्या सगळ्या वस्तू गोळा करते. आईचा हात मात्र धरत नाही.

१९५२ साली लंडनमध्ये डॉक्टर-परिचारिकांसमोर हा चित्रपट दाखवला, तेव्हा सभागृह संतापलं. ही मुलगी वेगळीच असणार, आमच्याकडे असं नसतं, वगैरे. १९५९ मध्ये सरकारी प्लॅट समितीनं मात्र मुलांच्या वॉर्डात भेटीची बंधनं काढायची आणि लहान मुलांजवळ आईला राहू द्यायची शिफारस केली. ती प्रत्यक्षात यायला आणखी बरीच वर्षं गेली.

(आपल्या सरकारी दवाखान्यात आई पहिल्यापासून मुलाच्या खाटेवरच. यात शास्त्र कमी, परिचारिकांची टंचाई जास्त. पण मुलाला त्याच्याशी काय!)

राहिला प्रश्न सवयीचा. मेरी एन्सवर्थ या बोल्बींच्याच सहकारी. त्यांनी आधी युगांडात घरोघरी बसून आई-बाळं पाहिली, मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये २६ बाळांना पहिलं वर्षभर घरी जाऊन न्याहाळलं. सिल्व्हिया बेल यांच्यासोबत १९७२ मध्ये त्यांनी जे मांडलं ते "हाताची सवय लागेल" या वाक्याच्या नेमकं उलट होतं: सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लगेच ओ मिळाली, ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. वर्तनवाद्यांनी या निष्कर्षावर हरकत घेतली, आकडेमोडीवर वाद झाला, आणि २६ घरं म्हणजे काही फार नव्हेत. शिवाय रडण्याला ओ देणं म्हणजे उचलणंच, असंही नाही. कधी नुसता आवाज पुरतो, "आले हं, आले" म्हणत भाकरी उलटली तरी चालतं.